गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास का येतो?

म्युनिकला आमच्याकडे आलेल्या मामेभावाने मी घरी बनवलेली हेफेवाइझन ही गव्हाची बिअर चाखली आणि विचारलं, "दादा, यात केळं घातलंस का?"

केळं नाही, आणि लवंगेसारखा वास येत असला तरी लवंगही नाही. हे दोन्ही वास यीस्टमुळे येतात.

बव्हेरियाच्या या बिअरमध्ये निम्मं किंवा त्याहून जास्त माल्ट गव्हाचं असतं. आंबताना तिचं खास यीस्ट आयसोअमाइल अ‍ॅसिटेट तयार करतं. पिकलेल्या केळ्याच्या वासातला मुख्य घटक हाच!

लवंगेची गोष्ट आणखी मजेदार आहे. धान्याच्या सालीत फेरुलिक आम्ल असतं, त्यापासून यीस्ट लवंगेसारखा वास देणारं संयुग बनवतं. म्हणून मी माल्टची भरड आधी ४५ अंशांच्या पाण्यात थोडा वेळ ठेवतो. त्यात हे आम्ल सुटं होतं. मग तापमान चढवतो.

आंबवण उबदार ठेवलं, साधारण २२ अंशांवर, की केळं वरचढ होतं. १७-१८ अंशांवर लवंग पुढे येते. मला लवंगेकडे झुकलेली आवडते. नुसत्या केळ्याचा दोन घोटांत कंटाळा येतो.

ओतताना शेवटची थोडी बिअर बाटलीतच गोल फिरवा आणि तळचं यीस्टही ग्लासात घ्या. बर्फासारखी गार पिऊ नका, वास दबतात.

जर्मनीत २०२४ पासून स्वतःपुरती वर्षाला ५०० लिटर बिअर घरी करमुक्त बनवता येते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बनवणं गुन्हा आहे, तेव्हा तिथे पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत चाखा.

यीस्ट, तापमान, बाटल्या भरणं, काहीही विचारा. सविस्तर उत्तर देईन.