बारा अंकांची पंधरा वर्षे

नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी जातीने हजर होते. ज्याच्याकडे कसलाच कागद नाही त्याला सरकारदरबारी ओळख मिळावी, हा हेतू. नोंदणी ऐच्छिक. बहुतेकांनी रेशनकार्ड नाहीतर मतदार ओळखपत्र दाखवूनच हे नवं कार्ड काढलं, तो भाग वेगळा.

कायदा मात्र नव्हताच. यशवंत सिन्हांच्या संसदीय समितीने २०११ मध्ये विधेयक नापसंत केलं, तरी नोंदणी चालूच राहिली. आधार नाही म्हणून कुणाची अडवणूक नको, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावलं. २०१६ मध्ये कायदा आला तोही धनविधेयक म्हणून. राज्यसभेची अडचणच नको.

रेशन दुकानात हे सगळं अंगठ्यावर येऊन थांबतं. ई-पॉस मशीनवर बोट ठेवायचं, सर्व्हरने ओळखलं तर धान्य. ऊसतोड, वीटभट्टी, धुणीभांडी करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. मग बोट पदराला पुसा, दुसरं लावा, ‘रेंज नाही, उद्या या’. दुसऱ्याच्या नावावर धान्य उचलणाऱ्यांना मशीनने चाप लावला, हे खरं. मापात मारणारा मात्र आजही मारू शकतो. आणि अंगठा उमटला नाही, तर आपण खरे आहोत हे पटवून द्यायचं ओझं गिऱ्हाइकावरच. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात २०१७ मध्ये अकरा वर्षांची मुलगी दगावली. आधार न जोडल्याने रेशन बंद झालं आणि पोर उपाशी गेली, असं घरच्यांचं म्हणणं; प्रशासनाने मलेरिया सांगितला.

त्याच वर्षी निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या आधारविरोधी याचिकेवर नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं. आधार कायद्यावरच्या २०१८ च्या निकालाने बँक खातं आणि मोबाईलसाठीची सक्ती गेली. पॅन आणि अनुदानासाठीची राहिली. न्या. चंद्रचूड यांनी एकट्यानेच अख्खा कायदा घटनाबाह्य ठरवला. माझ्या मते खासगीपणाची ही लढाई मध्यमवर्गापुरती जिंकली गेली. रांगेतल्या माणसाच्या पदरात फारसं काही पडलं नाही.

मध्यमवर्गानेही ती जिंकून काय केलं म्हणा! लॉजवर, सोसायटीच्या गेटवर आपण मुकाट झेरॉक्स देतो. असं करू नका, शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या, असं पत्रक आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने मे २०२२ मध्ये काढलं. गहजब झाला, दोन दिवसांत पत्रक मागे.

२०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली. बाईच्या आधारासोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही हवं. ज्यांना दोघंही नाहीत त्यांनी काय करायचं, यावर ओरड झाली. मग मुदत वाढली आणि अशा बायकांकडून मृत्यूचा किंवा घटस्फोटाचा दाखला मागण्यात आला. नवऱ्याने नुसतंच टाकून दिलेल्या बाईकडे यातला एकही नसतो.