माथेरानची गाडीबंदी : घोडेवाल्यांना धास्ती कशाची?

कर्जत तालुक्यातल्या माथेरानला पर्यटकांची गाडी दस्तुरी नाक्यावरच थांबते. २००३ मध्ये केंद्राने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. आत मोटारींना बंदी, रुग्णवाहिका व अग्निशमनाच्या गाडीला तेवढी मुभा. त्यामुळे माणसं आणि सामान वाहणाऱ्या घोड्यांवर अनेक घरं चालतात.

हातरिक्षा ओढणाऱ्यांनी ई-रिक्षा मागितली, घोडेवाल्यांनी न्यायालयात विरोध केला. आज ई-रिक्षा आली, उद्या गाड्याही येतील, ही धास्ती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत हातरिक्षा थांबवून ई-रिक्षा आणायला सांगितले. शाळकरी पोरं, म्हाताऱ्यांची पायपीट त्यामुळे वाचेल. पण म्हणून गाडीबंदी उठली, असं नाही. पर्यटकाची गाडी दस्तुरीलाच थांबणार.