तडाग, त्यांतील जीव आणि गांवाचा नेम

हस्तलिखितांच्या बहुतेक संग्रहांत जलाशयोत्सर्गविधीच्या पोथ्या आढळतात. संग्राहक त्यांची नोंद 'कर्मकांड' या सदराखालीं करितो व पुढें जातो. परंतु त्या विधींतील एका गोष्टीकडे आज पुन्हा लक्ष देणें अगत्याचें झालें आहे. मत्स्यपुराणाच्या ५८ व्या अध्यायांत नव्या तलावाच्या उत्सर्गप्रसंगीं सोन्याचे कांसव व मकर, रुप्याचे मासा व पाणसाप, तांब्याचे खेंकडा व बेडूक आणि लोखंडाचा शिशुमार अशा प्रतिमा करावयास सांगितल्या असून, त्या पात्रांत ठेवून जलास समर्पण करावयाच्या असतात. नीलकंठभट्टांचा 'उत्सर्गमयूख' हा ग्रंथ याच विषयाचा. आमच्या मतें विधीचा आशय उघड आहे. केवळ पाणी सांठलें म्हणजे तलाव झाला, असें नव्हे. त्यांत जीव नांदावे आणि तें पाणी सर्व भूतांसाठीं मोकळें व्हावें, तेव्हां तो तलाव होय.

या आशयाची प्रचीति पाहावयाची तर पूर्व विदर्भांत जावें. तेथील तलाव याच विधीनें उत्सर्ग केले गेले, असें आमचें म्हणणें नाहीं. विधीमागील समज तेथें व्यवहारांत उतरलेली दिसते, एवढेंच आम्ही म्हणतों. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या आश्रयानें कोहळी लोकांनीं यांपैकीं पुष्कळ बांधले. रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जातिवर्णनपर ग्रंथांत कोहळ्यांच्या या कौशल्याची नोंद आहे. नवेगांव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटलानें बांधला, अशी परंपरा आहे. पुढें लोकांनीं त्यास कोलासूर म्हणून देवत्व दिलें.

या प्रदेशांत पाऊस वर्षाकाठीं ५० इंचांच्या आसपास, तोहि बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पीक मुख्यतः धानाचें. रोवणीनंतर पावसानें दोन आठवडे ओढ दिली तर पीक हातचें जातें. त्या वेळीं पाळीआड राखलेलें पाणी पाटानें बांधींत सोडावयाचें, हें तलावाचें मुख्य काम. वरच्या तलावाच्या सांडव्यावरून गेलेलें पाणी पुष्कळ ठिकाणीं खालच्या तलावांत येतें. वरच्या अंगास लहान बोडी असली म्हणजे बराच गाळ तेथेंच बसतो. अतिवृष्टि आणि अवर्षण या दोहोंस एकाच बांधणीनें दिलेलें हें उत्तर होय.

परंतु बांधणी एकटी पुरत नाहीं. पाळ कोणीं दुरुस्त करावी, पाणी कोणाच्या शेतास केव्हां द्यावें, मासे व शिंगाडे यांवर हक्क कोणाचा, हे नेम मध्यप्रांतांतील बंदोबस्ताच्या वेळीं गांवोगांवच्या वाजिब-उल-अर्जांत लिहिले जात. मालगुजारीहक्क ३१ मार्च १९५१ पासून नष्ट झाले. जुनी पिळवणूक त्यामुळें सुटली, हें इष्टच झालें. पण तलाव सरकारजमा होतांच पाळ बांधणारे हात आणि पाणी वापरणारे हात यांची फारकत झाली. 'माजी मालगुजारी' या शब्दांचा संक्षेप करून लोक आजहि त्यांस 'मामा तलाव' म्हणतात. नांव राहिलें, नेम मात्र पुष्कळ ठिकाणीं विस्मृतींत गेले.

आतां पाऊसहि बदलला आहे. मध्य भारतांत विस्तीर्ण प्रदेशावर एकाच वेळीं होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळांत सुमारें तिप्पट झाल्या, असें हवामानशास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें. अशा स्थितींत सांडवा बुजलेला किंवा अतिक्रमणानें अरुंद झालेला असेल, तर एका रात्रींत पाळ फुटते. आणि तलाव गाळानें भरलेला असेल, तर पुढच्या ओढींत देण्यास पाणी उरत नाहीं.

यावर गाळ उपसावा हें खरें. राज्यांत २०१७ पासून त्यासाठीं सरकारी योजनाहि आहे. परंतु यंत्रानें सगळा तळ सारखाच खोल केला तर कांठचा उथळ भाग नाहींसा होतो. त्याच उथळ पाण्यांत देवधान उगवतें, अनेक जातींचे मासे अंडीं घालतात आणि पक्षी चरतात. ढिवर समाजाची उपजीविका या कांठावर अवलंबून आहे. महाराष्ट्रांत उरलेल्या थोड्या सारस पक्ष्यांचा आधारहि याच भागांतील तलाव व धानाचीं शेतें होत. भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळानें ढिवरांच्या सहकार्यानें तलावांतील बेशरमीचीं झुडपें उपटून देशी पाणवनस्पति पुन्हा लाविल्या. मासा परत यावयाचा तर प्रथम त्याचा आसरा परत आला पाहिजे, हें त्यामागील सूत्र.

सारांश, पाळ, जीव आणि नेम हीं तलावाचीं तीन अंगें आहेत. बदलत्या ऋतुमानास तोंड द्यावयाचें तर तिहींचा जीर्णोद्धार एकत्रच झाला पाहिजे. पहिल्या दोहोंचें काम गांवकरी व जाणते लोक करतील. तिसऱ्याचें साधन मात्र जुन्या दप्तरांत आहे, आणि तेथें आमच्या वाचकांचें साहाय्य हवें. वाजिब-उल-अर्ज, निस्ताराच्या नोंदी, पाणीवांटपाचीं टिपणें हीं मोडींतील राजकीय पत्रांहून कमी मोलाचीं समजून रद्दींत जाऊं देऊं नयेत. जुने नेम जसेच्या तसे चालवावे, असा आमचा आग्रह नाहीं. कित्येक नेम एका वर्गाच्या सोयीचे होते. पण कोणत्या तलावाचें पाणी कोणत्या शेतापर्यंत पोंचत होतें आणि सांडव्याची वाट कोठून होती, हें गांवास कळलें पाहिजे. म्हणून असा कागद हातीं येतांच त्याची नक्कल करून एक प्रत त्या गांवाच्या ग्रामपंचायतीस अवश्य द्यावी. पुढच्या पावसाळ्यापूर्वीं सांडव्याची जुनी वाट मोकळी करणाऱ्यांस ती प्रत उपयोगी पडेल.