आजीचा आवाज आणि मुसफ्फाचा हुकूम

गेल्या वर्षअखेरीच्या शाळेच्या सुट्टीत मी अबूधाबीला भाच्याकडे गेलो होतो. तो मुसफ्फा येथील एका गोदाम कंपनीत संगणकाचे काम पाहतो. मुसफ्फा म्हणजे अबूधाबी बेटासमोर मुख्य भूमीवर वसलेली औद्योगिक वस्ती. गॅरेजे, वर्कशॉप, गोदामे, मालमोटारी आणि कोपऱ्याकोपऱ्यावर कडक चहाची दुकाने. तिथले घड्याळ आणि आपल्या मॉरिशसचे घड्याळ एकच, त्यामुळे घरी फोन करताना वेळेचा हिशेब करावा लागत नाही.

एका संध्याकाळी मी भाच्याला विचारले, "बाबा रे, तुझी यंत्रे आहेत तरी कुठे? इथे तर टेबल आणि पडद्याशिवाय काही दिसत नाही."

तो हसून म्हणाला, "मामा, यंत्रे भाड्याची आहेत. मी फक्त हुकूम लिहितो."

वाचकहो, हे हुकूम लिहिणे म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. मोठ्या कंपन्या आपल्या केंद्रांत हजारो संगणक ठेवून ते भाड्याने देतात. यालाच क्लाउड म्हणतात. अमेझॉनने आपली एस-थ्री ही साठवणीची सेवा मार्च २००६ मध्ये सुरू केली. मुंबईचे केंद्र २०१६ साली आले, तर संयुक्त अरब अमिरातीतील केंद्र तीन स्वतंत्र विभागांसह ३० ऑगस्ट २०२२ रोजी सुरू झाले. हुकुमात केंद्राचे नाव बदलले की सामान दुसऱ्या देशात साठते.

हुकूम देण्यासाठी जी साधने लागतात, त्यांना क्लायंट लायब्ररी म्हणतात. लायब्ररी या शब्दाने कोणी वाचनालय समजू नये. आपल्या लहानपणी आई बुतिकवाल्याकडे चिठ्ठी पाठवी. चिठ्ठी नीट लिहिलेली असली की पोराला तोंड उघडावे लागत नसे. लायब्ररी ही अशी चिठ्ठी लिहून देणारी आहे. आपण कोडमध्ये "यादी दे" किंवा "यंत्र थांबव" एवढेच लिहितो. लायब्ररी तो हुकूम ठराविक साच्यात बसवते, गुप्त किल्लीने त्यावर सही करते आणि केंद्राकडे पाठवते. केंद्र सही तपासते, या माणसाला परवानगी आहे का ते पाहते आणि मगच काम करते. वाटेत अडचण आली तर लायब्ररी स्वतःच पुन्हा विचारते.

पायथन भाषेसाठी मिच गारनाट यांनी अशी एक लायब्ररी लिहिली आणि तिला बोटो हे नाव दिले. अमेझॉन नदीतल्या डॉल्फिनला बोटो म्हणतात. बोटो-३ ही तिची पुढची पिढी २०१५ साली आली. भाचा तीच वापरतो. रात्री गोदाम बंद झाले की त्याचा प्रोग्रॅम चाचणीची यंत्रे थांबवतो आणि सकाळी चालू करतो. थांबलेल्या यंत्राचे चालण्याचे भाडे पडत नाही, मात्र त्याच्या डिस्कचे भाडे चालूच राहते.

आता माझ्या येण्याचे खरे कारण सांगतो. माझ्या आजीच्या आवाजातील झाकरीची गाणी आमच्या घरी एकोणीस कॅसेटींवर होती. फिती चिकटू लागल्या होत्या. भाच्याने त्या संगणकात उतरवून मुंबईच्या केंद्रात ठेवल्या. ज्या मुंबई बंदरातून आमचे पूर्वज जहाजावर चढले, तिथेच आजीचा आवाज परत पोहोचला, याचे मला फार बरे वाटले.

पहिल्या कॅसेटची नक्कल खरखरीत उतरली होती. ती काढून नवी घालायची होती. कॅसेटींना "आजी-१" पासून "आजी-१९" पर्यंत नावे होती. भाच्याने कोडमध्ये लिहिले: "ज्यांचे नाव आजी-१ ने सुरू होते ते सर्व पुसून टाक." पडद्यावर उत्तर आले आणि त्याचा चेहरा उतरला. कारण "आजी-१०" हेही "आजी-१" नेच सुरू होते. अकरा, बारा, थेट एकोणीसपर्यंत तसेच. एक कॅसेट पुसायची होती, अकरा गेल्या. नावाच्या शेवटी एक तिरपी रेघ दिली असती तर हे घडले नसते.

माझे हातपाय गार पडले. दहाव्या कॅसेटची मूळ फीत तर उतरवतानाच तुटली होती.

भाचा म्हणाला, "मामा, घाबरू नका. मी जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय आधीच चालू केली होती." ही सोय असली की पुसलेली वस्तू लगेच नष्ट होत नाही, तिच्यावर पुसल्याची खूण तेवढी पडते. त्याने दहा कॅसेटींवरच्या खुणा काढल्या आणि आजी पुन्हा गाऊ लागली. ती सोय चालू नसती तर मी आज हा लेख लिहिला नसता.

अशी चूक मोठ्यांच्याही हातून होते. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेझॉनच्या व्हर्जिनियातील केंद्रात एका कर्मचाऱ्याने हुकुमातील एक बाब चुकीची दिली. थोडे सर्व्हर काढायचे होते, पुष्कळ निघाले, आणि अमेरिकेतील असंख्य संकेतस्थळे सुमारे चार तास अडली. कंपनीने नंतर हुकूम चालवणारे ते साधनच बदलले. सर्व्हर सावकाश निघावेत आणि ठराविक मर्यादेखाली जाऊच नयेत, अशी तजवीज केली. मला हा धडा शिक्षकाला शोभणारा वाटतो. चुकणाऱ्याला रागावण्यापेक्षा चूक होऊ न देणारी वाट बांधावी.

त्या रात्री भाच्याने आपली वाट बांधली. पुसण्याआधी प्रोग्रॅम आता नुसती यादी दाखवतो आणि माणसाचे "होय" मागतो. ही यादी एका वेळी एक हजारच नावे देते. पुढची नावे पुन्हा मागावी लागतात, हे विसरले तर मोजणी खोटी ठरते. गुप्त किल्ली त्याने कोडमध्ये कधीच लिहिली नव्हती, ती वेगळ्या जागी असते. कोड दहा जणांना दाखवावा, किल्ली कोणालाही दाखवू नये. आणि पुसण्याचा अधिकार रोजच्या किल्लीला त्याने ठेवलाच नाही.

आपल्या बेटावरील मुलेही आता शाळेत संगणक शिकतात. त्यांना मी एवढेच सांगेन की यंत्र आज्ञाधारक आहे, समजूतदार नाही. आपण लिहितो तेवढेच ते करते, मनातले ओळखत नाही. म्हणून हुकूम लिहून झाला की एकदा मोठ्याने वाचावा. आणि ज्यांच्या घरी जुन्या फिती आहेत, त्यांनी त्या लवकर उतरवून घ्याव्यात. एक नक्कल मात्र घरच्या कपाटातही ठेवावी. मी मुसफ्फाहून परत येताना तेवढे करूनच निघालो.