आधी गाडीचा पट्टा, मग मुलाची सीट



गणपती, लग्नसराई, मे महिन्याची सुट्टी आली की आपल्या पनवेलच्या गाड्या रस्त्याला लागतात. कुणी पळस्प्यावरून गोवा महामार्गाने कोकणात जातं, कुणी कळंबोलीहून द्रुतगती मार्गाने पुण्याकडे. गाडीत मोठी माणसं दाटीवाटीनं बसतात आणि मुलं मांडीवर, नाहीतर पुढच्या दोन सीटच्या मधे उभी. आज बोलूया ते या मुलांच्या बसण्याबद्दल.

“मी घट्ट धरलंय की,” असं आपण म्हणतो. पण ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून थांबली, तर बिनपट्ट्याच्या माणसाला बसणारा मार तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. तेव्हा २० किलोचं मूल कुठल्याच आईच्या हातात राहत नाही. मायलेकरांना मिळून एकच पट्टा लावला, तर आईचा सगळा भार मुलावर येतो. कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा मुलांच्या सुरक्षा सीटविना बसवलं तर १,००० रुपये दंड आहे.

मग मोठ्यांचा पट्टा मुलाला लावला तर? तो पट्टा मोठ्यांच्या मापाचा. लहान मुलाला तो मांडीऐवजी पोटावर येतो आणि खांद्याऐवजी मानेला घासतो. धक्का बसला की आतड्यांना इजा होऊ शकते. बूस्टर सीट म्हणजे मुलाला उंच बसवणारं पक्कं आसन. मूल उंच झालं की पट्टा जागेवर येतो. धरून ठेवण्याचं काम मात्र पट्ट्याचंच. म्हणून खरेदीआधी आपल्या गाडीचा पट्टा बघायचा.

मागच्या सीटवर बसून पट्टा ओढा. कमरेवरून आणि खांद्यावरून, असा दोन्हीकडून येतो का? तरच तिथे बूस्टर चालेल. काही गाड्यांत मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा असतो, तिथे बूस्टर ठेवू नका. जीपसारख्या गाडीत मागे समोरासमोर आडवी बाकं असतात, तिथेही नाही. पट्टे सीटखाली दडपून गेले असतील तर आधी ते बाहेर काढा. तुटका पट्टा असेल तर पहिला खर्च त्याच्या दुरुस्तीचा.

आता मूल बघा. वजन आणि उंची अंगणवाडीत किंवा शाळेत मोजून घ्या. बूस्टर साधारण चार वर्षांनंतर, वजन १५ किलोच्या पुढे गेल्यावर. त्याहून लहान मुलाला स्वतःचे पट्टे असलेली वेगळी सीट लागते. उंची साधारण पावणेपाच फूट होईपर्यंत बूस्टर वापरायचं.

यात दोन प्रकार येतात. बिनपाठीचं स्वस्त पडतं, पण ते जरा मोठ्या मुलांना, म्हणजे २२ किलो आणि सव्वाशे सेंटीमीटरच्या पुढे बरं. लहान मुलाला किंवा प्रवासात झोपणाऱ्याला पाठीचं घ्या. गाडीच्या सीटला डोक्यामागचा टेका नसेल तरीही पाठीचंच.

दुकानात जाताना मूल आणि गाडी दोन्ही न्या. मागवून घेणार असाल तर आधी गाडीच्या सीटची रुंदी टेपने मोजा, आणि वस्तू परत घेतात का ते विचारा. बूस्टर रुंद असेल तर पट्ट्याचं बक्कल त्याखाली दबतं आणि लागत नाही. सीटवर नारिंगी लेबल, त्यात गोलातलं इंग्रजी ‘ई’ अक्षर आणि किती वजनाच्या किंवा उंचीच्या मुलासाठी ते लिहिलेलं असावं. मग मुलाला बसवून पट्टा लावा. खालचा पट्टा मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर टेकला पाहिजे, वरचा खांद्याच्या मधोमध. पट्टा काखेखालून घ्यायचा नाही. एवढं जमलं तर महागड्या सीटची गरज नाही.

उशी, गोधडी किंवा पाट ठेवून काम भागत नाही. उशी दबते, पाट सरकतो.

पैशांची अडचण असेल तर गटातून छोटं अंतर्गत कर्ज घेता येतं. दुसरा मार्ग म्हणजे मूल मोठं झालं की बूस्टर गटातल्याच पुढच्या घरी द्यायचं. कुणी कधी नवं घेतलं, कुणाकडे गेलं, हे वहीत लिहा. अपघात झालेल्या गाडीतलं, तडा गेलेलं किंवा लेबल नसलेलं मात्र फुकट मिळालं तरी घेऊ नका.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या गाडीच्या मागच्या सीटला दोन्हीकडचे पट्टे किती आहेत, ते मोजून या. ज्यांच्याकडे भाड्याची गाडी येते, त्यांनी गाडी ठरवतानाच ड्रायव्हरदादांना हे विचारा.