कोणती बंदूक कुणाचा घात करते?

हरणाच्या शिकारीला कोणती बंदूक बिनधोक, हा वाद मी लहानपणी आमच्या आजोळी, कुरुंद्याला, पुष्कळदा ऐकला आहे. कुरुंदा तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा झाला तो १९९९ साली. काळ्या जमिनीच्या त्या मुलखात काळविटांचे कळप ज्वारीच्या रानांत शिरत, आणि दिवाळीच्या सुमारास परवानेवाले शिकारी पाहुणे येत. ओसरीवर बसून जो तो आपल्याच हत्याराची बाजू घेई.

शिकारीपुरता तो वाद आता मिटला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट पहिल्या परिशिष्टात घातला. त्याला मारणाऱ्यास ३ ते ७ वर्षांची कैद आहे. परंतु पीकरक्षणासाठी परवाना घेतलेल्या बंदुका खेड्यांतून अजून आहेत. म्हणून हा हिशेब मांडतो.

पहिली ठासणीची बंदूक. हिचा पल्ला कमी, म्हणून ती गरीब, अशी पुष्कळांची समजूत. पण ही जिवावर उठते ती मालकाच्याच. दारू चुकून दोनदा भरली, किंवा गोळी दारूपर्यंत न ठासता मध्येच राहिली, तर नळी फुटते. कधी घोडा पडतो, बार मात्र क्षणभराने उडतो. तेवढ्यात धरणाऱ्याने नळीत डोकावले की संपले!

दुसरी बारा बोअरची दुनळी. मोठे छर्रे हरणाला ३५-४० यार्डांपर्यंतच भरवशाने लागतात. पुढे ते पांगतात. येथे धोका सोबत्याला आणि हाकेकऱ्यांना. हरीण दोन माणसांच्या मधून पळाले, आणि नळी त्याच्यामागे फिरली, की समोर माणूस येतो.

तिसरी रायफल. हिची गोळी हरणाच्या आरपार जाऊनही थांबत नाही. वर उडाली तर मोठ्या रायफलची गोळी सुमारे ४ किलोमीटर जाते. एका वर्षी कापूस वेचणाऱ्या बायकांच्या डोक्यावरून अशीच एक गोळी सूं करीत गेली. शिकारी शपथेवर सांगत होता, "समोर हरणाखेरीज कोणी नव्हते हो!" ते खरेही होते. त्याची नजर पोचत होती तिथवर कोणी नव्हतेच.

मग रायफल टाकून दुनळीत एकच मोठी गोळी घालावी काय? अमेरिकेत काही ठिकाणी दाट वस्तीजवळ तसा नियमच आहे. पेनसिल्व्हानिया राज्याच्या विधिमंडळाने याची तपासणी करविली. तिचा अहवाल २००७ साली आला. नळी वर धरली तर रायफलचा पल्ला सर्वांत मोठा, हे ठरलेच. पण नळी जमिनीला समांतर असली, तर दुनळीची जड गोळी जमिनीवर आपटून उसळते आणि रायफलच्या गोळीइतकी, किंबहुना थोडी पुढेही जाते!

मला यातून एकच गोष्ट दिसते. ठासणीची मालकाला भोवते, दुनळी सोबत्याला, रायफल अनोळख्याला. बिनधोक एकही नाही. गोळी अडवायला पाठीमागे मातीचा उंच बांध किंवा टेकडी आहे की नाही, हे हत्याराच्या जातीहून महत्त्वाचे. जुने जाणते मचाणावरून खाली नेम धरीत, ते उगीच नव्हे. गोळी जवळच जमिनीत रुतण्याचा संभव त्याने वाढतो.

या सुट्टीत मुलाबाळांसह गावी जाल, आणि माळ्यावर आजोबांची ठासणीची बंदूक सापडेल. ती मुलांच्या हाती देऊ नका. नळीत कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक वर्षांनीही पेट घेते. पन्नास वर्षे कुणी हात लावला नाही, म्हणून ती रिकामी आहे असे समजू नये. नळी निर्मनुष्य दिशेला ठेवून जाणकाराला बोलवा, आणि परवाना कुणाच्या नावे आहे याची पोलीस ठाण्यात चौकशी करा. फराळ त्यानंतर.