ओढ्यातला दगड

आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात शाळिग्राम आहे. तो नेपाळातील गंडकीच्या पात्रातून येतो. शाळिग्रामात जी चक्राकार वळी दिसते ती प्राचीन समुद्रातील अमोनाइट नावाच्या शंखधारी प्राण्याची खूण होय. तेव्हा जीवाश्म ही वस्तू आपणांस परकी नाही. मग आपल्या गावच्या ओढ्यातही असे काही सापडेल काय?

प्रथम पायाखालचा खडक पाहू. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले, त्यांचा हा पाषाण झाला. तप्त रसात जीव कोठून टिकणार? म्हणून काळ्या दगडात ‘अंडे’ किंवा ‘पान’ दिसले की आधी शंका घ्यावी. कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा गोल धोंडा हे अंडे नव्हे; हवापाण्याने खडक कुजत गेला की त्याचे कोपरे जाऊन असा गोळा उरतो. चिरेतली काळी झुडुपे मँगनीजच्या क्षारांची असतात. खऱ्या पानाला शिरांची ठरलेली मांडणी असते, ती या नक्षीत नसते. पोकळीतले पांढऱ्या सुयांचे झुबके बहुधा झिओलाइटचे. चाकूने ओरखडा न उठणारी, पट्टेदार व गुळगुळीत ती अकीक. ओरखडा उठून लिंबाच्या रसाने बारीक बुडबुडे आले, तर तो कॅल्साइट समजावा.

मात्र लाव्हाच्या दोन लोटांमध्ये कधी कधी पुष्कळ काळ जाई. तेवढ्यात तळी साठत, झाडे वाढत, पाण्यात गोगलगायी नांदत. पुढचा लोट आला की तो गाळ खाली दडपला जाई. नागपूरजवळ टाकळी येथील अशाच थरातील शंख व वनस्पतींचे अवशेष स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी तपासले. त्यांचा लेख 1855 साली लंडनला छापला गेला. काळ्या दगडांत फिकट, थरांचा, चकमकीसारखा तुकडा दिसला, तर तो भिंगाखाली अवश्य पाहावा.

नद्यांच्या जुन्या गाळाची गोष्ट आणखी निराळी. गोदावरी व प्रवरेच्या काठच्या खडीमातीत रानबैल, हत्ती यांची दगड झालेली हाडे मिळाली आहेत. 1954 ते 1956 या काळात नेवाशाचे उत्खनन करणाऱ्या डॉ. ह. धी. सांकलिया यांना तेथील प्रवरेच्या खडीत अश्मयुगातील हत्यारेही सापडली.

परंतु दगड ओळखण्याहून महत्त्वाचे एक पथ्य आहे. हाड किंवा हत्यार कोणत्या थरात होते, यावरूनच त्याचा काळ ठरतो. काठाच्या दरडीतून ते उपटून घरी आणले की वस्तू हाती राहते आणि तिची साक्ष जाते. मग मोठा पंडितही तिला बोलती करू शकत नाही. म्हणून थरात रुतलेली वस्तू हलवू नये. शेजारी नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, जागा टिपून ठेवावी व जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवावे. पात्रात सुटा पडलेला दगड उचललात, तरी गाव, ओढा व तारीख यांची चिठ्ठी त्याच्याबरोबर ठेवा.

आणि हे काम ओढा आटलेला असताना करा. त्याच हिस्लॉपसाहेबांचा अंत 1863 साली नागपूरजवळच्या एका ओढ्याच्या पुरात झाला. दगड इतकी वर्षे थांबला आहे. तो आणखी चार महिने थांबेल.